खुनी कोण, ते शिवार ठरवतं

आकाशवाणीच्या स्टुडिओत नाटक ध्वनिमुद्रित होताना जी शांतता पाळतात, ती आमच्या गावात कुणी गेलं तरी पाळत नाहीत. भिंतींना भोकाभोकांचे तक्ते, एकामागे एक दोन जाडजूड दारं, दारावर लाल दिवा. संहितेची सळसळ माइकला कळू नये म्हणून नट एकेक पान सुटं करून अलगद बाजूला सारतात. कुणाचं पोट गुरगुरलं तरी काचेपलीकडचा निर्माता डोळे वटारतो. इतक्या सोवळ्यात शिजलेलं हे नाटक मग हवेत सोडून देतात, आणि ते येऊन उतरतं आमच्या शिवारात. तिथं त्याच घटकेला विहिरीवरचं इंजिन भकभकत असतं, बाभळीवर होले घुमत असतात, एकजण आपल्या बैलाच्या आजोळाबद्दल वाईटसाईट बोलत असतो आणि दोन सख्खे भाऊ बांध कुणी कोरला या आज्याच्या वेळच्या दाव्याची पुढची तारीख चालवत असतात.

तरीही माझं मत असं, की नभोनाट्य ऐकावं तर शिवारातच. घरात ऐकलेलं नाटक आकाशवाणीचं असतं. शिवारात ऐकलेलं नाटक निम्म्या वाट्यानं केलेलं असतं. निम्मं आकाशवाणीचं, निम्मं शिवाराचं. आणि शिवार आपला वाटा कधी सोडत नाही.

जाणकार सांगतात, रेडिओचं नाटक अंधारात ऐकावं. या उपदेशालाही आता शंभर वर्षं होऊन गेली. खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ज्याचं नाव घेतात, ते रिचर्ड ह्यूजचं ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ बीबीसीनं १५ जानेवारी १९२४ रोजी सादर केलं. वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत पाहुणे उतरतात आणि दिवे जातात, अशी त्याची सुरुवात. पात्रांना काही दिसत नाही, तेव्हा श्रोत्यांनीही घरातले दिवे मालवून ऐकावं, असं सुचवलं होतं. साहेबाला त्यासाठी विनंती करावी लागली. आमच्याकडे दिवे कुणाला न विचारता जातात, आणि नाटकातले दिवे परत लागले तरी आमचे लागत नाहीत.

नाटक उंबऱ्याबाहेर पडलं ते ट्रान्झिस्टरमुळे. त्याआधीचा रेडिओ म्हणजे बैठकीतला मानकरी. त्याला वीज लागे, माळवदावर एरियलची तार लागे, डोक्यावर भरतकामाचा रुमाल लागे आणि पोस्टातून लायसन काढावं लागे. लायसन ट्रान्झिस्टरलाही होतंच, पण चिखल तुडवत ते तपासायला येणार कोण? भोकाभोकांच्या चामडी खोळीत घालून तो गळ्यात, सायकलच्या दांडीला, बाभळीच्या फांदीला, औताच्या रुमण्याला, कुठंही अडकू लागला. त्याच्या पोटात फेराइटची एक कांडी असते. मीडियम वेव्हचं केंद्र नीट लागायचं तर त्या कांडीचं टोक केंद्राकडे करून चालत नाही, ती केंद्राला आडवी राहावी लागते. हे शास्त्र माझ्या थोरल्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, कुणी शिकवलं नव्हतं. “पुण्याकडं तोंड करून ठिवला की समदी बोलत्यात, जरा वळवला की निस्ती नायिका रडाया लागती,” एवढा त्यांचा स्वतंत्र शोध.

या शोधाचा शेतीवर फार परिणाम झाला. कुळवाची उभी पाळी मारताना रुमण्याला टांगलेला ट्रान्झिस्टर अख्खं नाटक ऐकवायचा. आडवी पाळी सुरू झाली की नुसती खरखर. मृगाच्या तोंडावर आडवी पाळी राहून गेलेली रानं त्या काळी बरीच दिसत. लोकांनी त्याचं खापर उगीच आळसावर फोडलं.

सेल उतरायला लागले की वेगळीच आफत. पात्रांचा आवाज खोल खोल जाई. तरणाताठा नायक बघता बघता अंथरुणाला खिळल्यागत बोलू लागे. मग सेल काढून बांधावर उन्हात तापवायचे. तेवढ्या वेळात नाटकातल्या पोरीचं लग्न उरकलेलं असे, आणि तिला सासर कसं मिळालं हे शेजारच्या रानात जाऊन विचारून यावं लागे.

नाटकाची खरी परीक्षा शिवार घेतं ती आवाजांत. स्टुडिओत घोडा नारळाच्या करवंट्यांवर धावतो, वीज पत्र्याच्या तुकड्यात कडाडते, पाऊस चाळणीतल्या सुक्या वाटाण्यांचा असतो आणि आग चुरगाळलेल्या सेलोफेन कागदाची. शहरातल्या श्रोत्याला हे पटतं. त्यानं घोडा पाहिलेला असतो तो चौपाटीवर, तोही वाळूत, म्हणजे बिनआवाजाचा. आमच्याकडे मात्र दर जनावरामागं वस्तीभर तज्ज्ञ. एका कौटुंबिक नाटकात नायिकेची आई शेवटच्या घटका मोजत असताना मागं कुठंतरी म्हैस रेकली. आबांनी खुरपं थांबवलं. “ही म्हस न्हवं,” ते म्हणाले, “ह्यो मान्साचा आवाज हाय. आन म्हस धरलीच तर रेडकू मेलेली धरावी लागंल.” रेडकू मेलेली म्हैस एखादं नाटक मंडळ कशाला पोसेल, ती पान्हवते का, नसेल तर बाजारात काय दरानं जाईल, यावर चर्चा रंगली. मध्यंतरी नायिकेची आई गेली. तिच्या अंत्ययात्रेला शिवारातून कुणीच नव्हतं.

नाटकात सकाळ झाली की कोंबडा आरवतो; एकदाच, आणि अगदी वेळेवर. इतका शिस्तीचा कोंबडा आमच्या पंचक्रोशीत झालेला नाही. आमचा कोंबडा रात्री दीड वाजता आरवतो, आणि खऱ्या पहाटे झोपलेला असतो. नाटकात प्रेम जमलं की कोकीळ बोलतो, मग महिना कुठला का असेना. “कार्तिकात?” आबा विचारत. “ह्यो काय पाळल्याला हाय व्हय?”

आता खरं सांगायचं तर रान स्वतः अभिनयाला फार कच्चं आहे. खरा पाऊस ढेकळांवर पडतो तेव्हा पावसाचा म्हणून काही आवाजच होत नाही. वाटाण्यांचा पाऊस त्याच्यापेक्षा कितीतरी पावसाळी. खरी नदी चैत्रात तोंड उघडत नाही. खरा वारा नाटकातल्या खुनाच्या वेळी पडलेला असतो आणि विनोदी प्रवेशात शाळूच्या कणसांतून घोंघावतो. हजरजबाबी असतात ते रातकिडे. भुताची चाहूल लागली रे लागली, की ते एकदम गप्प होतात. मग बांधावरच्या श्रोत्याला नाटकातलं भूत कुठल्या बाजूनं येतंय याचा नीट अंदाज लागत नाही, आणि तो मोटारीचं बटण दाबायला एकटा जात नाही.

विजेच्या बाबतीत तर फारच घोळ. मीडियम वेव्हवर लांबच्या विजेची खरखर रेडिओत आधी येते, गडगडाट कानावर मागाहून पडतो. त्यामुळे वळवाच्या दिवसांत आमचा सगळ्यांचा भरवसा वेधशाळेपेक्षा ट्रान्झिस्टरवर. एकदा काढलेला कांदा रानात उघडा पडलेला. नाटकात खलनायक घरात शिरला, स्टुडिओतला पत्रा कडाडला, कुणीतरी किंचाळलं, “आभाळ फाटलंय!” आणि वस्त्यावस्त्यांवरची माणसं ताडपत्र्या घेऊन धावली. कांदा झाकून झाल्यावर वर बघतात तो चांदणं टिपूर. पुढं खरंच कडाडलं, तेव्हा “नाटकातलं आसंल” म्हणून कूस बदलून मंडळी झोपली. त्या वर्षी कांद्याचे भाव पडले ते उत्पादनामुळे. आमचा त्यात हात नव्हता, आमचा कांदा वाहून गेला होता.

दिवस मावळला की मीडियम वेव्हच्या लहरींना पाय फुटतात. दिवसा आभाळातला एक खालचा थर त्यांना गिळून टाकतो. रात्री तो विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परतून शेकडो मैल जातात. नाटकावर याचा परिणाम दारुण. नायक धीर करून विचारतो, “माझ्याशी लग्न करशील?” आणि उत्तर येतं कानडीतून, बातम्यांच्या सुरात. सीमेवरच्या श्रोत्याला त्यात काही वावगं वाटत नाही. तिकडं असे संसार पुष्कळ आहेत, आणि बरे चालले आहेत.

खेड्यातल्या माणसाला रेडिओवरून काहीही पटवता येतं, असा शहरांत समज आहे. त्यासाठी अमेरिकेचा दाखला देतात. ३० ऑक्टोबर १९३८ ला ऑर्सन वेल्सनं ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ रेडिओवर केलं. मंगळावरची मंडळी न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात, एका शेतात उतरल्याची खोटी बातमी त्यात होती. ती ऐकून तिथल्या लोकांनी पाण्याच्या टाकीलाच मंगळाचं यान समजून गोळ्या घातल्या, अशी दंतकथा आहे. घबराट होती त्याहून वर्तमानपत्रांनी जास्त फुगवली, असं पुढं संशोधकांनी सांगितलं. आमच्याकडे कुणी घाबरलंच नसतं. मंगळ आपल्या पत्रिकेत मुळातच असतो. शेतात उतरला म्हटल्यावर पहिला प्रश्न “कुणाच्या गटात?” आणि दुसरा “पिकाची भरपाई कोण देणार?” पंचनाम्याला माणूस येईपर्यंत मंगळवाले कंटाळून परत गेले असते.

शेतकऱ्याला नाटकातून शहाणं करण्याचे प्रयत्नही जुने आहेत. बीबीसीची ‘द आर्चर्स’ ही मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येऊ लागली, ती गोष्टीच्या ओघात शेतीचे सल्ले देण्यासाठी. ती अजून चालू आहे, कारण कालांतरानं सल्ले मागं पडले आणि गावातली भांडणं पुढं आली. आपल्याकडे १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पुण्याभोवतीच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी एकत्र बसायचं, अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या. ऐकणं अर्धा तासच ठेवलं, यात योजकांची दूरदृष्टी दिसते. चर्चेला त्यांनी किती वेळ धरला होता कोण जाणे; आमच्यासारख्या गावात ती अजून संपली नसती.

पुढं शेतीविषयक श्रुतिकांना बहर आला. त्यात एक पात्र अडाणी आणि एक जाणतं. अडाणी विचारतं, “पण तात्या, नत्राचा दुसरा हप्ता केव्हा द्यायचा बरं?” जाणतं सावकाश उत्तर देतं. अडाणी म्हणतं, “अस्सं होय! बरं झालं सांगितलंत.” बांधावर ही श्रुतिका लागली की लोक पोट धरून हसत. खताशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. एकानं प्रश्न विचारला आणि दुसऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत तो गप्प राहिला, ही कल्पनाच त्यांना फार्सिकल वाटे. त्यातून “बरं झालं सांगितलंत” म्हणणारा शेतकरी! आमच्याकडे सल्ला ऐकून माणूस म्हणतो, “ते म्हायती हाय मला,” आणि मग रात्री गुपचूप तसं करतो.

उपदेश नसलेली नाटकं मात्र रानात चांगली रुजली. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही पक्की पांढरपेशी मंडळी. पण बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू यांचे आवाज शेंगा तोडताना, पात धरून भांगलताना कानांवर पडत गेले आणि बायकांनी त्या घराला आपल्या भावकीत ओढलं. “ह्यो भावजी येळ न्हाई, वखत न्हाई, सारखा हितंच,” एक म्हातारी म्हणायची, “ह्याला सोताचं घरदार हाय का न्हाई? आन वैनी बिचारी च्या टाकून टाकून दमली आसंल.” भांगलणीच्या पातीवर नाटकाचा परिणाम थेट मोजता येई. नायिका रडायला लागली की पात मागं पडे. तिनं सासूला फाडकन उत्तर दिलं की पात पळत सुटे. रानमालकांचं कळकळीचं म्हणणं होतं, की आकाशवाणीनं सुना जरा तोंडाळ दाखवाव्यात, भांगलण वेळेत उरकेल.

अलीकडे शिवारातला मुख्य श्रोता बदलला आहे. तो रात्री येतो, कळपानं येतो आणि त्याला सुळे असतात. मका, भुईमूग, ऊस कशालाच रानडुक्कर नाही म्हणत नाही. म्हणून शेतकरी रात्रभर रानात रेडिओ चालू ठेवतात, किंवा मोबाइलला भोंगा जोडून देतात. माणसाचा आवाज ऐकून जनावर बुजतं. बुजतं तेही चार दिवस. मग ते सरावतं आणि भोंग्याखालीच जेवायला बसतं.

यातून आमच्याकडे नाट्यसमीक्षेची एक नवी शाखा निघाली. गाण्यांना डुक्कर लवकर सरावतं. बातम्यांना त्याहून लवकर, कारण त्या रोज त्याच. नाटक टिकतं, कारण त्यात कोण कधी ओरडेल याचा भरवसा नसतो. पण नाटककारांना विरामाची भारी हौस. नायिका म्हणते, “मला तुला काही सांगायचंय…” आणि थांबते. स्टुडिओत त्या थांबण्याचं कौतुक होतं, त्यावर बक्षिसं मिळतात. आमच्या मक्यात त्या थांबण्यात अख्खा कळप आत आला. दुसऱ्या दिवशी आबा मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानदाराकडे गेले. “भांडणाचं काय आसंल तर भर,” त्यांनी बजावलं. “प्रेमाचं नगं. प्रेमात लई गप बसत्यात.”

नवी पोरं आता फोनवर ऐकतात. मराठीत स्टोरीटेलसारखी ॲपं आली, पॉडकास्ट आले. नाटक हवं तिथं थांबवता येतं, मागं नेता येतं, सेल उन्हात घालावे लागत नाहीत. अडचण एवढीच, की प्रत्येकाच्या कानात त्याचं त्याचं नाटक. पूर्वी दर रानात एकच केंद्र लागलेलं असे. बांधाबांधानं चालत गेलं तरी वाक्य सुटत नसे. आता कानात बोंडं घालून उसाला पाणी पाजणारा पोरगा एकटाच हसतो, एकटाच डोळे पुसतो, आणि मध्येच “आरं मागं बघ, मागं!” असं ओरडतो. बांधावरून जाणारी म्हातारी काही न बोलता वस्तीवर जाते आणि त्याच्या आईला लिंबू उतरून टाकायला सांगते.

एकत्र ऐकण्यात काय ताकद होती, ते एका रहस्यनाटकानं दाखवलं. एका धनिकाचा बंगल्यात खून झालेला. संशयित तीन: डॉक्टर, मुनीम आणि पुतण्या. सगळं शिवार कामं टाकून ऐकत होतं. शेवटी इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं आणि म्हणाला, “खून केला आहे तो…” नेमकी तेव्हा वीज चमकली आणि रेडिओ खरखरला. खरखर थांबली तेव्हा निवेदिका कलाकारांची नावं सांगत होती.

त्या रात्री पारावर सुनावणी झाली. माळावरच्या वस्तीला शेवटी “डॉ” ऐकू आलं होतं. मळ्यातल्यांना हुंदका ऐकू आला होता, पण तो पुरुषाचा की बाईचा यावर एकमत नव्हतं. पुतण्याच्या बाजूनं कुणीच बोललं नाही, कारण पुतणे ही जात तशीच, पण मग जमिनीच्या वाटणीशिवाय तो खून कशाला करील, आणि नाटकात जमिनीचा विषयच नव्हता. आबांनी निकाल दिला: डॉक्टर. पुरावा असा, की डॉक्टर आला तेव्हा गाडीचा आवाज आला नाही, म्हणजे तो आधीपासून आत होता. गावानं निकाल मान्य केला. पुढं कितीतरी दिवस तालुक्याहून येणाऱ्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घ्यायला लोक का कू करत, आणि त्या भल्या माणसाला कारण कधी कळलं नाही.

परवा माझ्या पुतण्याला तेच नाटक इंटरनेटवर सापडलं. त्यानं ते अंगणात स्पीकरवर लावलं. आबा आता थकलेत, पण कान शाबूत. वीज चमकली नाही, खरखर झाली नाही, आणि इन्स्पेक्टरनं स्वच्छ आवाजात मुनिमाचं नाव घेतलं. आबांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा मुनीमच.

“मुनिमाचा पगार थकल्याला,” आबा शांतपणे म्हणाले. “मालकच मेला तर त्यो देणार कोण? मुनीम कशाला मारंल? लिवणारा चुकलाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू लिवतोस न्हवं काय बाय? आकाशवाणीला एक पत्र टाक. म्हणावं, फुडच्या टायमाला लावशिला तवा शेवट तेवढा दुरुस्त करून लावा. आन त्यात ती म्हस आसली, तर तिचंबी बघा.”